आणि पातं तुटलं तर?

निफाड तालुक्यात एप्रिलातली खरड छाटणी उरकली की तात्यांच्या मळ्यात चिपरचा हंगाम सुरू होतो. चिपर अजून आलेला नाही, हंगाम मात्र दरवर्षी वेळेवर येतो. द्राक्षाच्या काड्या ओळींतून ओढून बांधावर आणल्या जातात, पेरूची छाटणी त्यांच्यावर पडते, पावसाळ्याआधी तारांना लागतात म्हणून बाभळी-सुबाभळीच्या फांद्या उतरवल्या जातात, आणि घराच्या पूर्वेला एक ढीग उभा राहतो. त्या ढिगासमोर प्लास्टिकची खुर्ची टाकून तात्या बसतात. मांडीवर खताच्या दुकानातून फुकट मिळालेली डायरी, कानाला फोन. पलीकडे राजकोट, लुधियाना नाहीतर कोइमतूर.

"भाई, आपका मशीन फांदी कितना जाड खाता है? जाड, जाड! मनगट जैसा."

पलीकडून काहीतरी आकडा येतो. तात्या तो डायरीत लिहितात, त्याच्याखाली रेघ मारतात आणि मग त्यांचा ठेवणीतला प्रश्न टाकतात.

"और पाता टूटा तो?"

या प्रश्नावर पंजाबातले, गुजरातेतले आणि तमिळनाडूतले भले भले विक्रेते अडखळलेले मी ऐकले आहेत. एकाने "टूटेगा ही नहीं" असं सांगितलं. तात्यांनी फोन ठेवला आणि त्या कंपनीच्या पानावर आडवी फुली मारली. "जो म्हणतो तुटणार नाही, त्याच्याकडे दुसरं पातं नाही," हा त्यांचा निकाल.

चिपर म्हणजे ट्रॅक्टरच्या मागे जोडायचं, पीटीओवर, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या दांड्यावर, चालणारं, फांद्या गिळून त्यांचे तुकडे बाहेर फेकणारं यंत्र. काकू त्याला फांदीकुट्टी म्हणतात. तात्यांना ते अजिबात चालत नाही. कडबाकुट्टी वेगळी, मल्चर वेगळा, श्रेडर वेगळा आणि चिपर वेगळा, हे ते दारात आलेल्या कोणालाही समजावतात; लग्नाची पत्रिका द्यायला आलेलेही त्यातून सुटत नाहीत. मल्चर ओळीतून चालतो आणि खाली पडलेल्या पेन्सिलीएवढ्या काड्या जागच्या जागी बारीक करतो. श्रेडरला हातोडे असतात, तो पाला-काडी सगळं झोडपून काढतो. चिपरला पातं असतं. जड तबकडीवर बसवलेली दोन-चार पाती गरागरा फिरतात, खाली एक पातं स्थिर असतं, आणि दोन्हींच्या मध्ये फट मिलिमीटरभर. "ती फट वाढली की लाकूड कापलं जात नाही, पिंजलं जातं," हे सांगताना तात्यांचा आवाज खाली येतो. घरातली गोष्ट सांगावी तसा.

"मग तात्या, तुम्हाला नक्की काय घ्यायचंय?" हा प्रश्न विचारायचा नाही. विचारलात तर दुसरा चहा येतो. कारण द्राक्षाच्या काडीला मल्चर बरा, पेरूच्या छाटणीला श्रेडर चालतो, बाभळीला चिपरच लागतो, आणि तात्यांच्या मळ्यात तिन्ही पिकतात.

तात्या कंजूष आहेत असं कोणी समजू नये. पैसे बाजूला काढून ठेवलेले आहेत. कुणाच्या अडीनडीला त्यातलेच दिले जातात आणि परत आले की पुन्हा चिपरच्या नावाने ठेवले जातात. त्यांना खर्चाची भीती नाही. त्यांना भीती आहे ती फसण्याची, आणि त्याहून जास्त, निवड संपण्याची. काकूंना मिक्सर घ्यायचा होता तेव्हा तात्यांनी सहा महिने मोटारीचे वॉट, भांड्यांचा पत्रा आणि झाकणाची रबरं यांचा अभ्यास केला. तोवर काकू पाट्यावर चटणी वाटत राहिल्या. अखेर मिक्सर आला, तेव्हा घरातल्या सगळ्यांना पाट्यावरच्या चटणीची चटक लागलेली होती. मिक्सर अजूनही उत्तम चालतो, कारण तो फारसा चालवलाच जात नाही. तात्या याला चांगल्या निवडीचा पुरावा मानतात.

ही जात तुम्हालाही ठाऊक असणार. फ्रिज घेताना दाराचं रबर ओढून बघणारे काका, चपला घेताना त्या वाकवून कानाशी नेणारे मामा, सोसायटीच्या पाण्याच्या पंपासाठी अकरा दुकानांची कोटेशनं आणून सभेत वाचणारे सेक्रेटरी, ही सगळी त्यातलीच मंडळी. तात्यांचं वेगळेपण एवढंच की ते हाताने काम करणारे आहेत, त्यामुळे त्यांचा कीस पोकळ नसतो. त्यांनी काढलेली प्रत्येक शंका खरी असते. म्हणून तर माणूस वैतागतो.

त्यांच्याकडे एक कापडी पिशवी आहे. तीत फांद्यांचे नमुने आहेत. पेरूची दोन इंची, आंब्याची तीन इंची, वाळून खडखडीत झालेली बाभळीची गाठ, द्राक्षाच्या जुन्या खोडाचा एक तुकडा आणि सुतळीसकट काड्यांची एक जुडी. ही पिशवी घेऊन ते दर डिसेंबरात मोशीच्या किसान प्रदर्शनाला जातात. एका वर्षी मीही बरोबर होतो. एका स्टॉलवर चिपर उभा होता, रंग नवा कोरा. स्टॉलवरच्या मुलाने मोबाइलवर चित्रफीत दाखवली. त्यात ओल्या, सरळ, काठीसारख्या सुबाभळीच्या फांद्या भराभर आत जात होत्या आणि पलीकडून भुसा उडत होता.

"ओली आहे," तात्या म्हणाले.

"हो काका."

"ओली सगळेच खातात. वाळलेली दाखव. गाठीची दाखव." आणि पिशवीतून बाभूळ निघाली.

तो मुलगा बाभळीकडे बघत राहिला. तोवर तात्यांनी टेप काढून फांदी आत घालायच्या तोंडापासून पात्यापर्यंतचं अंतर मोजायला घेतलं होतं. टेप पुरेनासा झाला तसा त्यांनी बंद मशीनमध्ये खांद्यापर्यंत हात घातला. मुलाने "काका, काका!" म्हणून आरडाओरडा केला, आजूबाजूचे लोक धावले. तात्या शांतपणे हात बाहेर काढत म्हणाले, "माझा हात २८ इंच. बोटं पात्याला लागली. म्हणजे तोंड आखूड आहे. उद्या चालू मशीनमध्ये कोणी असाच हात घालेल." त्या मुलाकडे उत्तर नव्हतं. खरं तर कोणाकडेच नसतं. कडबाकुट्टीत बोटं गेलेली माणसं आमच्या भागात गावोगाव आहेत, आणि तात्यांच्या बालपणीचा एक मित्र त्यांपैकी आहे. त्याचं नाव ते काढत नाहीत, पण टेप कायम खिशात असतो.

रात्री जेवण झालं की ते मोबाइलवर परदेशी यंत्रं बघतात. इटलीतल्या द्राक्षबागेत एक ट्रॅक्टर काड्या गोळा करत, चिरत चाललेला असतो. बोलणाऱ्याची भाषा तात्यांना कळत नाही आणि कळायची गरजही नसते. ते आवाज ऐकतात. "ऐक, ऐक. बसलं बघ इंजिन." दहा सेकंद मागे नेऊन पुन्हा ऐकवतात. फांदी आत गेल्यावर इंजिनाचा आवाज खाली येतो आणि परत चढायला वेळ लागतो, तिथे त्यांचा निकाल ठरतो. "चाकात वजन नाही. तबकडी जड पाहिजे, तीच धक्का झेलते." चांगल्या मशीनमध्ये फेरे कमी झाले की आत ओढणारे रोलर आपोआप थांबतात आणि वेग परत आला की पुन्हा फिरतात. उसाच्या रसवंतीवाल्याने मोळी अडकली की चाक मागे घ्यावं तसं, फक्त इथे माणूस लागत नाही. ही सोय ज्यात आहे ते मशीन तात्यांच्या डायरीत लाल शाईने लिहिलेलं असतं. किंमत मात्र पेन्सिलीने लिहितात, कारण ती खोडता येते.

आता मुख्य अडचणीकडे येऊ. ती ट्रॅक्टरची आहे.

तात्यांचा ट्रॅक्टर बागेतला. नऊ फुटी ओळीत फवारणी करायची तर मोठा धूड चालत नाही, म्हणून त्यांनी २४ एचपीचा छोटा घेतला. पीटीओवर त्यातले विसाच्या आसपास उरतात. "आणि फांदी दुप्पट जाड झाली की लाकूड दुप्पट होत नाही, चौपट होतं," हा हिशेब ते जमिनीवर काडीने दोन वर्तुळं काढून पटवतात. दोन इंचाचं मशीन त्यांचा ट्रॅक्टर हसत ओढेल, पण दोन इंचाच्या मशीनला बाभूळ जायची नाही. बाभळीला चार ते सहा इंचाचं मशीन हवं, आणि त्याला मागे ४५ एचपीचा ट्रॅक्टर हवा.

४५ एचपीचा ट्रॅक्टर बांधापलीकडे उभा असतो. तो आबांचा. आबा म्हणजे तात्यांचे थोरले भाऊ.

वाटण्या होऊन बरीच वर्षं झाली. विहीर सामाईक राहिली, पाण्याच्या पाळ्या ठरल्या, आणि एका पाळीवरून जे बोलणं बंद झालं ते झालंच. निरोप गडी नेतात. काकू आणि मोठ्या काकू एकमेकींकडे कुरडया करायला जातात, मुलं फोनवर बोलतात, फक्त हे दोघं बांधावर समोरासमोर आले की आभाळाकडे बघतात. मी एकदा तात्यांची डायरी चाळली. राजकोटचं पान, लुधियानाचं पान, कोइमतूरचं पान. प्रत्येक पानाच्या खालच्या कोपऱ्यात तेच लिहिलेलं होतं: "४५?" प्रश्नचिन्ह प्रत्येक वेळी जरा मोठं होत गेलेलं.

मध्यंतरी महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर त्यांनी यंत्रासाठी अर्जही केला होता. अल्पभूधारकाला निम्मं अनुदान, तात्यांचं क्षेत्र त्यात बसणारं. तेव्हा सोडत निघायची, तीत त्यांचं नाव लागलं. गावात लोकांची वर्षानुवर्षं नावं लागत नसत आणि तात्यांचं लागलं! पूर्वसंमती आली, आता मुदतीत मशीन घेऊन बिल चढवायचं एवढंच राहिलं. तात्यांनी मुदतीतला बहुतेक वेळ बुधनीच्या केंद्र सरकारी संस्थेचा चाचणी अहवाल वाचण्यात घालवला. त्यांना तो फार आवडला. इतकं खरं लिहिलेलं आपण आयुष्यात वाचलं नाही म्हणाले. दोन मशीनं उरली होती. एकाचं पातं चांगलं, दुसऱ्याचा गिअरबॉक्स. त्या दोघांच्या मध्ये मुदत संपली.

काकू त्या दिवशी काही बोलल्या नाहीत. त्यांनी ढिगातल्या काड्या ओढल्या आणि बंब पेटवला. एरवी मात्र त्या भरपूर बोलतात. त्या ढिगात मुंगूस राहतो, म्हणजे सापही असणार. पापड वाळवायची जागा ढिगाने खाल्ली आहे. पेटवून द्या म्हटलं तर तात्या आणखी चिडतात. "जाळायचं? अगं, ते खत आहे." मग ते काकूंना आच्छादनाचं महत्त्व सांगतात. उन्हाळ्यात वेलींच्या बुडाशी हे तुकडे पसरले की ओल टिकते. पण मातीत मिसळायचे नाहीत. कच्चं लाकूड कुजताना नत्र ओढून घेतं आणि वेल पिवळा पडतो. भुरी-डाऊनी आलेल्या काड्या बागेत परत टाकायच्या नाहीत, त्या वेगळ्या कुजवायच्या. हे सगळं खरं आहे. काकूंनाही आता पाठ आहे. "पसरायला आधी तुकडे लागतात," एवढंच त्या म्हणतात.

गेल्या वर्षी एक गंमत झाली. आमच्या शेतकरी गटाने अवजार बँकेसाठी चिपर घ्यायचं ठरवलं. एक विक्रेता प्रात्यक्षिकाला मशीन घेऊन आला. ढीग कोणाकडे आहे? तात्यांकडे. ट्रॅक्टर कोणाचा जोडायचा? मोठा लागणार, म्हणजे आबांचा. गटाचा अध्यक्ष बेरकी माणूस. त्याने कोणालाच काही विचारलं नाही, दोघांना एकच वेळ दिली.

आबा स्वतः ट्रॅक्टर चालवत आले. पांढरा सदरा, गळ्यात उपरणं. मागे मशीन जोडलं, शाफ्ट बसवला. शाफ्टवरचं प्लास्टिकचं कव्हर विक्रेत्याने आणलंच नव्हतं. पीटीओ ५४० फेऱ्यांवर चालतो, म्हणजे सेकंदाला नऊ. आबा शाफ्ट नीट बसला का ते बघायला वाकले आणि उपरण्याचं टोक खाली लोंबलं.

"आबा! उपरणं काढ आधी!"

सगळा मळा गप्प झाला. इतक्या वर्षांनी तात्यांच्या तोंडून आबांसाठी निघालेलं ते पहिलं वाक्य होतं. आबांनी वर पाहिलं, उपरणं काढलं, घडी केली आणि तात्यांच्याच हातात दिलं. मग म्हणाले, "इंजिन बंदच आहे की."

"बंदच असताना काढायचं असतं."

कव्हर आल्याशिवाय तात्यांनी मशीन सुरू करू दिलं नाही. विक्रेत्याचा माणूस पिंपळगावला जाऊन कव्हर घेऊन आला, तोवर सगळ्यांचं पिठलं-भाकरी झालं. दुपारी मशीन सुरू झालं. सरळ सुबाभूळ चित्रफितीतल्यासारखी गेली. पेरूची दुबेळकी फांदी तोंडातच अडकली; तात्यांनी ती मागे ओढून कोयत्याने बेचकं तोडलं आणि परत घातली. सुतळीची जुडी गेली तेव्हा सुतळी रोलरला गुंडाळली गेली, हे तात्यांनी आधीच सांगितलं होतं. "बाग काढलेली असेल तर तारेचा तुकडा येतो, तो तर पात्याचा काळ," असंही त्यांनी सांगितलं. मग पिशवीतली ती सुप्रसिद्ध बाभळीची गाठ बाहेर आली. आत गेली. मोठा खट् आवाज झाला आणि मशीन थांबलं.

विक्रेत्याचा चेहरा उतरला. तात्यांचा फुलला. "शिअर बोल्ट तुटला! म्हणजे पातं वाचलं, गिअरबॉक्स वाचला. मशीन चांगलं आहे रे!" आबांच्या ड्रायव्हरने खोक्यातून एक जाडजूड बोल्ट काढून दिला. तात्यांनी तो परत केला. "हा कडक आहे. हा तुटणार नाही, मग दुसरंच काही तुटेल. इथे मऊच पाहिजे." आणि पिशवीच्या तळातून नेमका मापाचा मऊ बोल्ट काढला. मशीन नाही, मोठा ट्रॅक्टर नाही, पण बोल्ट तयार. तो त्यांनी कधी आणला होता हे विचारायचं धाडस कोणी केलं नाही.

गटाने तेच मशीन घेतलं, पण तात्यांच्या अटींवर. पात्यांचे दोन जादा संच, शाफ्टला कव्हर, लांब तोंड, फेरे कमी झाले की थांबणारे रोलर, आणि पात्यांना धार लावायचं शिक्षण. विक्रेत्याने घासाघीस केली, शेवटी मान्य केलं. आता ते मशीन तासावर फिरतं. शिवारातले ढीग गेले, धूर कमी झाला, आणि पातं एकदाही बोथट चाललेलं नाही, कारण धार तात्या स्वतः बघतात.

त्यांचा स्वतःचा ढीग? प्रात्यक्षिकाच्या दिवशी अर्धा गेला होता. मग पुढची छाटणी आली. गटाचं मशीन सांगा की, असं काकूंनी सुचवून पाहिलं. "दहा जणांनी वापरलेलं ते. स्वतःचं वेगळं," तात्या म्हणाले. शोध चालूच आहे. फरक पडला तो एवढाच की ढिगासमोर आता दोन खुर्च्या असतात. संध्याकाळी आबा येतात. ट्रॅक्टरचा प्रश्न सुटला, डायरीतलं प्रश्नचिन्ह खोडलं गेलं, तेव्हा आम्हाला वाटलं आता मशीन येणार. पण आबांचं म्हणणं सहा इंचाचं घ्यावं, तात्यांचं म्हणणं चारच पुरे. परवा आबा फोनवर राजकोटला विचारत होते, "और पाता टूटा तो?" आणि तात्या मान डोलावत होते.

तुम्हाला असं मशीन घ्यायचं असेल तर तात्यांना जरूर भेटा, त्यांच्याइतका जाणकार पंचक्रोशीत नाही. आपल्या मळ्यातली सगळ्यात वाकडी आणि सगळ्यात वाळलेली फांदी सोबत न्या, ट्रॅक्टरचे पीटीओवरचे एचपी लिहून न्या, जेवूनच जा. आणि घाईत असाल तर ओट्यावर काकू असतात, त्यांना विचारा. त्यांनी मशीन केव्हाच निवडलंय: गटाचं, तासावर, आणि तात्या कांद्याच्या लिलावाला लासलगावला गेलेले असतील त्या दिवशी.